आपले उणे आपल्यालाच का दिसत नाही? डनिंग–क्रूगर परिणाम : मूळ प्रयोग आणि त्यावरचे आक्षेप

शोधयात्री

एखाद्या विषयात जो सर्वांत कच्चा असतो, त्यालाच आपल्या कच्चेपणाचा अंदाज सर्वांत कमी का असतो, या प्रश्नावर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही प्रयोग केले. त्यांचा शोधनिबंध डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. 'डनिंग–क्रूगर परिणाम' हे नाव आता इतके पसरले आहे की वादात समोरच्याला गप्प करण्यासाठी ते सर्रास फेकले जाते, आणि ज्याच्यावर ते फेकले जाते त्याला त्यातून काहीच शिकायला मिळत नाही. मला हा विषय महत्त्वाचा वाटतो तो अगदी वेगळ्या कारणाने, म्हणून प्रयोगांत प्रत्यक्ष काय घडले ते आधी सविस्तर मांडतो.

प्रयोग एकूण चार होते. पहिल्यात ६५ विद्यार्थ्यांना ३० विनोद देऊन त्यांतला प्रत्येक किती चांगला आहे हे ठरवायला सांगितले, आणि त्यांची मते व्यावसायिक विनोदी कलाकारांच्या मतांशी ताडून पाहिली. दुसऱ्यात अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेच्या धर्तीवरचे २० तर्कप्रश्न होते, तर तिसऱ्यात इंग्रजी व्याकरणाची चाचणी होती. चाचणी झाल्यावर प्रत्येकाला विचारले, की आपल्या बरोबरीच्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे उभे आहात? उत्तर पर्सेंटाइलमध्ये द्यायचे होते. सीईटीच्या निकालांमुळे हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला आहे, त्यामुळे तो समजावून सांगण्याची गरज नाही. या चाचण्यांत तळाच्या चतुर्थांशात आलेले विद्यार्थी सरासरीने १२ व्या पर्सेंटाइलवर होते आणि स्वतःला ६२ व्या पर्सेंटाइलवर मानत होते. सर्वांत वरच्या चतुर्थांशातले विद्यार्थी मात्र स्वतःला प्रत्यक्षापेक्षा खाली ठेवत होते. तर्काच्या चाचणीत ते ८६ व्या पर्सेंटाइलवर होते आणि आपल्या गुणांचा पर्सेंटाइल ६८ च्या आसपास असेल असे त्यांना वाटत होते.

या निरीक्षणामागचे कारण म्हणून लेखकद्वयाने जे मांडले ते मला आकड्यांहून अधिक मोलाचे वाटते. ते समजण्यासाठी चौथ्या प्रयोगात वापरलेल्या कोड्याचा प्रकार पाहू. इंग्लंडमधील पीटर वेसन यांनी १९६० च्या दशकात हे कोडे तयार केले. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा आहे. आपल्याला दिसतात ते अ, क, ४ आणि ७. नियम असा सांगितला आहे, की पत्त्याच्या एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळला गेला आहे की नाही हे ठरवण्यासाठी नेमके कोणते पत्ते उलटावे लागतील? पुढे वाचण्यापूर्वी उत्तर मनाशी ठरवावे.

बहुतेक लोक 'अ आणि ४' असे म्हणतात. बरोबर उत्तर 'अ आणि ७' हे आहे. ४ च्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही, कारण व्यंजनामागे काय असावे याबद्दल नियम काहीच सांगत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम तिथेच खोटा ठरतो. आता ज्याने ४ निवडला आहे तो आपले उत्तर पुन्हा तपासून पाहतो तेव्हा काय होते ते पाहा. स्वराला सम संख्या हवी, मग सम संख्येला स्वर हवा, म्हणजे दोन्ही जुळले, असे तो मनाशी म्हणतो आणि समाधानाने पुढे जातो. ज्या गैरसमजातून उत्तर चुकले, तोच गैरसमज तपासनीस म्हणूनही बसलेला असतो. उत्तर काढण्यासाठी जे ज्ञान लागते तेच उत्तर तपासण्यासाठीही लागते, आणि ते नसेल तर माणसाचे नुकसान दुहेरी होते. यात अहंकाराचा भाग असेलही, पण त्याच्यावाचूनही हे घडू शकते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

चौथ्या प्रयोगात १४० विद्यार्थ्यांना अशी दहा कोडी दिली होती. तळाच्या गटाचे जवळजवळ एकही उत्तर बरोबर नव्हते, तरी आपली साधारण निम्मी उत्तरे बरोबर आली आहेत असे त्यांना वाटत होते. मग एकूण सहभागींपैकी निम्म्यांना अशी कोडी कशी सोडवायची याचे दहा मिनिटांचे लेखी प्रशिक्षण दिले आणि त्यांचीच जुनी उत्तरे पुन्हा पाहायला सांगितली. प्रशिक्षण मिळालेल्या तळाच्या विद्यार्थ्यांनी आपला अंदाज झपाट्याने खाली आणला. कोणी त्यांना खजील केले नव्हते, नम्रतेचा उपदेशही केला नव्हता. त्यांना फक्त कोडे शिकवले होते.

तिसऱ्या प्रयोगाचा उत्तरार्ध तेवढाच बोलका आहे. काही आठवड्यांनी तळाच्या आणि वरच्या गटांना पुन्हा बोलावून त्यांच्यासारख्याच इतर विद्यार्थ्यांच्या पाच उत्तरपत्रिका तपासायला दिल्या. वरच्या गटाने इतरांची उत्तरे पाहिली आणि स्वतःबद्दलचा अंदाज वर नेला. इतरांनाही हे तितकेच सोपे गेले असेल, असे त्यांनी आधी गृहीत धरले होते. तळाच्या गटाने चांगल्या उत्तरपत्रिका डोळ्यांखालून घातल्या, तरी त्यांचा अंदाज हलला नाही, कारण त्या चांगल्या आहेत हेच त्यांना ओळखता आले नाही.

यावर सदस्यांचे अनुभव आणि आक्षेप दोन्ही वाचायला आवडतील.

वाटसरू

उत्तम धागा. या निबंधाच्या सुरुवातीला एका बँक लुटारूची हकीकत आहे, तिचा उल्लेख इथे व्हायला हवा. १९९५ मध्ये पिट्सबर्ग शहरात मॅकआर्थर व्हीलर नावाच्या इसमाने भर दिवसा, चेहरा न झाकता दोन बँका लुटल्या. चेहऱ्याला लिंबाचा रस लावला की कॅमेऱ्यात चेहरा येत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती, आणि पोलिसांनी चित्रफीत दाखवल्यावर तो खरोखर चकित झाला.

माझा प्रश्न असा, की आरोग्यावरचे घातक सल्ले ठामपणे पाठवणारे लोक आणि हळू, सावध बोलणारे तज्ज्ञ यांच्यातला जो फरक आपण रोज पाहतो, त्याचे स्पष्टीकरण हेच का? म्हणजे कमी जाणणाऱ्याचा आत्मविश्वास तज्ज्ञापेक्षा जास्त असतो, असे हा निबंध सिद्ध करतो का?

संख्याशोध

वाटसरू यांच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते मूळ निबंधातल्या आकड्यांवरूनच देता येते. तर्काच्या चाचणीत तळाच्या गटाने स्वतःची तर्कक्षमता ६८ व्या पर्सेंटाइलवर ठेवली होती, तर वरच्या गटाने ७४ व्या. म्हणजे जाणकारांचा स्वतःविषयीचा अंदाज तेव्हाही कच्च्यांपेक्षा वरच होता. फक्त दोन गटांच्या गुणांत जेवढे अंतर होते, तेवढे अंतर त्यांच्या अंदाजांत नव्हते. 'अज्ञानी स्वतःला तज्ज्ञापेक्षा शहाणा समजतो' हे विधान या प्रयोगांतून निघत नाही.

पण माझा मुख्य आक्षेप पुढचा आहे. १२ आणि ६२ या जोडीतला १२ हा आकडा नीट पाहा. कोणत्याही परीक्षेत तळाचे पंचवीस टक्के परीक्षार्थी वेगळे काढले, की ते शून्य ते पंचवीस पर्सेंटाइल यांच्या दरम्यान असणार आणि त्यांची सरासरी साडेबाराच्या आसपास येणार. हे गट पाडण्याच्या पद्धतीतूनच येते. तसेच वरच्या गटाची सरासरी साडेसत्याऐंशीच्या आसपास येते. आता एका अशा वर्गाची कल्पना करा, जिथे कुणालाच आपल्या पातळीचा काहीही अंदाज नाही आणि प्रत्येक जण 'मी सरासरीपेक्षा थोडा बरा असेन' असे म्हणून ६५ लिहितो. तळाचा गट सुमारे ५२ ने स्वतःला वर ठेवेल आणि वरचा गट सुमारे २२ ने स्वतःला खाली ठेवेल. दोन्ही गट आत्मज्ञानात अगदी सारखेच आंधळे आहेत, तरी आलेख १९९९ च्या आलेखासारखाच दिसेल. जोआकिम क्रूगर आणि रॉस म्युलर यांनी २००२ मध्ये नेमका हा मुद्दा मांडला. (हे क्रूगर वेगळे. मूळ निबंधाच्या लेखकाशी त्यांची गल्लत होऊ नये.)

'मी सरासरीपेक्षा बरा' ही प्रवृत्ती आधीपासून ठाऊक होती. १९८१ मध्ये ओला स्वेन्सन यांनी वाहनचालनाच्या कौशल्याविषयी विचारले, तेव्हा अमेरिकेतील ९३ टक्के आणि स्वीडनमधील ६९ टक्के सहभागींनी स्वतःला मधल्या चालकापेक्षा वर ठेवले. शिवाय परीक्षेच्या गुणांत नशिबाचा वाटा असतोच. एखादा विद्यार्थी त्या दिवशी नेमक्या न जमणाऱ्या प्रश्नांमुळे तळाला गेला, तर स्वतःबद्दलचा त्याचा अंदाज त्या दिवसाच्या गुणांपेक्षा वर असणे स्वाभाविक आहे. संख्याशास्त्रात याला मध्याकडे परतणे म्हणतात. पुढे एडवर्ड नुहफर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये निव्वळ यादृच्छिक आकडे घेऊनही असाच आलेख उमटतो हे दाखवून दिले.

२०२० मध्ये गिन्याक आणि झायेंकोव्स्की यांनी ९२९ लोकांची बुद्धिमत्ता चाचणी घेऊन अधिक काटेकोर कसोटी लावली. कच्च्या लोकांना स्वतःचा अंदाज खरोखरच कमी येत असेल, तर त्यांच्या अंदाजांतला विखुरलेपणा जास्त असायला हवा आणि क्षमता वाढेल तसा तो आवळत जायला हवा. तसे काही ठळकपणे आढळले नाही. मूळ परिणाम बहुतांशी आकडे मांडण्याच्या पद्धतीतून आलेला आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

असे असले तरी सर्वच मोडीत काढणे योग्य होणार नाही. २०२१ मध्ये जॅन्सन, रॅफर्टी आणि ग्रिफिथ्स यांनी व्याकरण आणि तर्क या दोन्ही चाचण्या हजारो सहभागींवर पुन्हा घेतल्या आणि दोन गणिती प्रतिमाने तपासली. एका प्रतिमानात प्रत्येकाला आपले उत्तर बरोबर की चूक हे सारख्याच प्रमाणात ओळखता येते असे धरले होते, दुसऱ्यात ही ओळख कौशल्यानुसार बदलते असे धरले होते. दुसरे प्रतिमान प्रत्यक्ष आकड्यांशी अधिक चांगले जुळले. शोधयात्री यांनी वेसनच्या पत्त्यांवरून जी यंत्रणा समजावली, तिला यातून आधार मिळतो. माझ्या मते ती यंत्रणा खरी आहे, पण ६२ वजा १२ म्हणजे पन्नास एवढी प्रचंड ती नाही. त्या पन्नासातला मोठा हिस्सा अंकगणिताचा आहे, आणि मानसशास्त्राच्या लोकप्रिय पुस्तकांनी तो वेगळा काढून दाखवण्याचे कष्ट घेतले नाहीत याचे मला वाईट वाटते.

तळटीप

याच संदर्भात एक दुरुस्ती. सर्वत्र फिरणारा तो आलेख, ज्यात आत्मविश्वास सुरुवातीलाच शिखरावर जातो, मग दरीत कोसळतो आणि हळूहळू पुन्हा चढतो, तो १९९९ च्या निबंधात नाही. मूळ आलेखातल्या अंदाजाच्या रेषा साधारण सपाट, किंचित वर जाणाऱ्या आहेत. त्यांत ना शिखर आहे, ना दरी. शिवाय ते प्रयोग एकाच वेळी तपासलेल्या वेगवेगळ्या माणसांचे होते. एकाच माणसाचा शिकण्याचा प्रवास त्यांत पाहिलेलाच नव्हता.

तो प्रवास डनिंग यांनी कार्मेन सँचेझ यांच्याबरोबर २०१८ मध्ये पाहिला. सहभागींना एका काल्पनिक रोगाचे निदान लक्षणांवरून करायचे होते आणि प्रत्येक निदानानंतर ते बरोबर की चूक हे सांगितले जात होते. अगदी सुरुवातीला, काहीच ठाऊक नसताना, लोक सावध होते. थोडीशी उदाहरणे पाहून झाल्यावर मात्र त्यांचा आत्मविश्वास अचूकतेच्या कितीतरी पुढे धावला. चार-दोन उदाहरणांवरून त्यांनी एक सिद्धान्त बांधला होता आणि तो सिद्धान्त त्यांना पुरेसा वाटू लागला होता. म्हणजे धोका कोऱ्या पाटीत नसून पाटीवर चार अक्षरे उमटल्यानंतरच्या काळात आहे. मूळ लेखकांनीही १९९९ मध्येच हे स्पष्ट केले होते, की आपल्याला काहीतरी येते असे वाटण्याइतके किमान ज्ञान असल्याशिवाय हा भ्रम होत नाही. मोटारीचे इंजिन उघडून आपल्याला पुन्हा जोडता येत नाही, हे ज्याने कधी पाना हातात धरला नाही त्याला पक्के ठाऊक असते.

किनारा

मी नोकरीनिमित्त काही वर्षे जपानमध्ये आहे, म्हणून एक भर घालतो. वर आलेले प्रयोग प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतले आहेत. स्टीव्हन हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जपानी आणि उत्तर अमेरिकी विद्यार्थ्यांना एक काम दिले, त्यात ते यशस्वी किंवा अयशस्वी झाल्याचे सांगितले आणि त्यानंतर तशाच कामावर ते किती वेळ टिकतात हे पाहिले. उत्तर अमेरिकी विद्यार्थी यशानंतर जास्त टिकले. जपानी विद्यार्थी अपयशानंतर जास्त टिकले. कुठे कमी पडलो हे कळणे म्हणजे पुढचे काम हाती येणे, अशी धारणा इथे कार्यालयातही दिसते आणि बैठकीत आपल्या त्रुटी स्वतःहून मांडण्याचा प्रघात आहे. 'मी सरासरीपेक्षा बरा' ही प्रवृत्ती सर्व समाजांत सारख्याच जोराची धरली, तर संख्याशोध यांच्या उदाहरणातला ६५ हा आकडाच चुकेल.

संख्याशोध

किनारा यांचा मुद्दा योग्य आहे. तो आकडा एकाच समाजातही विषयानुसार बदलतो. जस्टिन क्रूगर यांनीच १९९९ मध्ये वेगळ्या निबंधात दाखवले होते, की वाहन चालवण्यासारख्या सोप्या वाटणाऱ्या कौशल्यांत लोक स्वतःला सरासरीच्या वर ठेवतात, पण संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्यासारख्या अवघड वाटणाऱ्या कौशल्यांत तेच लोक स्वतःला सरासरीच्या खाली ठेवतात. २००६ मध्ये बर्सन, लॅरिक आणि क्लेमन यांनी पुढे असे दाखवले, की काम पुरेसे अवघड असेल तर स्वतःबद्दलचा अंदाज जास्त चुकतो तो कुशल लोकांचा.

कातळशिल्प

मी शास्त्रीय गायन शिकवते. शोधयात्री यांच्या मांडणीतला 'उत्तर काढण्याचे आणि तपासण्याचे ज्ञान एकच' हा भाग गाण्याला कुठे लागू होतो आणि कुठे होत नाही, याविषयी लिहावेसे वाटते.

नवा विद्यार्थी तानपुऱ्यावर षड्ज लावतो आणि तो किंचित उतरलेला असतो. गाताना त्याला ते कळत नाही. त्याच्याच आवाजाचे ध्वनिमुद्रण लगेच ऐकवले की बहुतेकांच्या चेहऱ्यावर कळल्याचे दिसते. कान तयार असतो, गळा तयार नसतो, आणि गाताना सारे लक्ष श्वासाकडे आणि शब्दांकडे लागलेले असल्याने कानाला काम करायला सवड मिळत नाही. पीटर फोरड्रेशर आणि स्टीव्हन ब्राउन यांनी २००७ मध्ये बेसूर गाणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांची स्वर ओळखण्याची क्षमता चांगली असल्याचे त्यांना आढळले होते. अशा ठिकाणी करणे आणि पारखणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि दुहेरी नुकसान होत नाही. क्रिकेट पाहणाऱ्याला फटका चुकल्याचे कळते आणि आपल्याला तो मारता येणार नाही हेही कळते, ते याच कारणाने.

पण पुढच्या पायरीवर चित्र पालटते. भूप आणि देशकार या रागांचे स्वर तेच पाच आहेत : सा, रे, ग, प, ध. भूपात गंधाराला (ग) महत्त्व आहे, देशकारात धैवताला (ध). भूप उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागात, जाऊन धैवतावर थबकू लागला की देशकाराची छाया पडते. मधल्या टप्प्यावरचा विद्यार्थी भूप म्हणून गातो, धैवतावर पुन्हा पुन्हा रेंगाळतो, आणि ध्वनिमुद्रण ऐकूनही समाधानी असतो, कारण सगळे स्वर तर 'बरोबर' लागलेले असतात. त्याला दोन रागांतला फरकच ऐकू आलेला नसतो, मग तो फरक आपल्या गाण्यात चुकला हे त्याला कसे ऐकू यावे? इथे वेसनच्या पत्त्यांवरची यंत्रणा तंतोतंत लागू पडते. तळटीप यांनी सांगितलेला काळही हाच आहे. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी घाबरून गातात. थोडे राग हाती आल्यानंतरचे विद्यार्थी मैफिलीची चौकशी करू लागतात. त्यांच्यावर रागावण्याचे काही कारण नाही, कारण त्यांचा कान जिथवर पोहोचला आहे तिथवर त्यांचे गाणे खरोखरच निर्दोष आहे.

नाडीपरीक्षक

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि या चर्चेत माझ्या व्यवसायाचा विचार व्हायला हवा असे मला वाटते. २००६ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांचे स्वतःबद्दलचे मूल्यमापन आणि प्रत्यक्ष निरीक्षणातून झालेले मूल्यमापन यांची तुलना करणारे अभ्यास एकत्र तपासले. वीसपैकी तेरा तुलनांत दोहोंचा संबंध अगदी थोडा होता, मुळीच नव्हता किंवा उलटा होता. काही अभ्यासांत स्वतःला मोजण्यात सर्वांत जास्त चुकले ते सर्वांत कमी कौशल्याचे आणि सर्वांत जास्त आत्मविश्वासाचे डॉक्टर. ही सगळी उच्चशिक्षित, कठीण परीक्षांतून निवडून आलेली माणसे होती. त्यामुळे हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे समजणे मला चुकीचे वाटते.

कारण समजून घ्यायचे तर ओपीडीत बसून पाहावे. मी एखाद्या रुग्णाला औषध दिले आणि तो परत आला नाही. तो बरा झाला, म्हणून आला नाही, की गुण न आल्याने दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला? माझ्या मनात नोंद होते ती पहिल्या शक्यतेची. बहुतेक साधे आजार आपोआपच बरे होतात, आणि त्यांचे श्रेयही औषधाच्या खात्यावर जमा होते. वर्षानुवर्षे अशी नोंद साचत गेली की अनुभव वाढतो, आत्मविश्वास वाढतो, आणि निदानाची अचूकता वाढलीच असेल याची कोणतीही खात्री नसते.

याच्या अगदी उलट उदाहरण हवामानखात्याचे आहे. अमेरिकेतील हवामान अंदाजकांचा अभ्यास मर्फी आणि विंकलर यांनी १९७० च्या दशकात केला. पाऊस पडण्याची शक्यता ७० टक्के आहे असे हे लोक ज्या ज्या दिवशी म्हणाले, त्यांतल्या जवळपास ७० टक्के दिवशी पाऊस पडलेला होता. आपल्याला किती खात्री असावी हे त्यांना अचूक कळत होते. त्यांना अंदाज आकड्यात लिहून द्यावा लागतो, उत्तर दुसऱ्याच दिवशी आभाळातून येते, आणि त्या उत्तराबद्दल कुणाला सबबी सांगता येत नाहीत. आमच्या क्षेत्रात शवविच्छेदन आणि मृत्यूंची विभागीय चर्चा या दोन जागी असे निखळ उत्तर मिळते. शवविच्छेदनांचे प्रमाण जगभर घटत चालले आहे, आणि चाचण्यांची यंत्रे सुधारल्यामुळे त्यांची गरज उरली नाही असे म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही.

वाटसरू

नाडीपरीक्षक, मनापासून आभार. पण मग परत आलेल्या उत्तराने तरी माणूस सुधारतो का? ज्याला चूक दाखवली तो ती मान्य करेलच असे नाही. आणि पैशाचा प्रश्न असेल तर तो अधिक काळजीपूर्वक अंदाज बांधेल का?

शोधयात्री

पैशाचा मुद्दा तपासला गेला आहे. जॉयस एर्लिंगर, डनिंग, क्रूगर आणि इतरांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतःचे गुण अचूक ओळखल्यास १०० डॉलरपर्यंत बक्षीस मिळेल असे काही सहभागींना सांगितले होते. त्यांच्या अंदाजात सुधारणा झाली नाही. चुकीचा अंदाज मुद्दाम फुगवून सांगितलेला असता तर पैशाने तो खाली आला असता, त्यामुळे हा निष्कर्ष मला बोलका वाटतो. त्याच अभ्यासात विद्यापीठीय वादविवाद स्पर्धेतले संघही होते. प्राथमिक फेऱ्यांत तळाला असलेले संघ पाचपैकी जवळजवळ चार सामने हरत होते आणि आपण साठ टक्क्यांच्या आसपास सामने जिंकतो आहोत असे त्यांना वाटत होते. या फेऱ्यांचा निकाल संघांना लगेच सांगितला जात नव्हता. परीक्षकांचे मत कळेपर्यंत त्यांच्याजवळ स्वतःच्या युक्तिवादाची स्वतःलाच पटलेली आवृत्ती तेवढी होती.

संख्याशोध यांची मांडणी मला मान्य आहे, आणि तिच्यामुळे हा विषय लहान होत नाही असे मला वाटते. तळाचा गट आणि वरचा गट यांच्यातला फरक आपण समजतो त्याहून थोडा आहे, याचा अर्थ आपण सर्वच जण आपल्याला मोजण्यात कमकुवत आहोत असा होतो. मग हे नाव दुसऱ्यावर फेकण्याचा अधिकार कुणालाच उरत नाही.

वाटसरू यांच्या पहिल्या प्रश्नाबाबत तिसऱ्या प्रयोगाचा उत्तरार्ध मला अस्वस्थ करतो. तळाच्या गटाला चांगली उत्तरपत्रिका ओळखता आली नाही. आजारी माणूस डॉक्टर निवडतो, गुंतवणूकदार सल्लागार निवडतो, पालक शिकवणी निवडतात, तेव्हा निवडणारा त्या विषयात बहुधा तळाच्याच गटात असतो. चुकीच्या माणसाने त्याची चूक दाखवली आणि जाणकाराने दाखवली, तर त्या दोहोंतला फरकही त्याला कळत नाही. नुसता अभिप्राय मिळणे म्हणूनच पुरेसे नाही. दहा मिनिटांच्या प्रशिक्षणाने जे झाले ते यासाठी महत्त्वाचे आहे, की विद्यार्थ्यांना त्यांची उत्तरे चूक आहेत असे कुणीही सांगितले नव्हते. चूक ओळखण्याचे साधन हातात दिले आणि चुका त्यांनी स्वतः शोधल्या. कातळशिल्प यांना विचारावेसे वाटते, की भूप-देशकाराच्या त्या विद्यार्थ्याला फरक ऐकू यावा यासाठी आपण काय करता? 'इथे चुकलास' असे सांगून ते साधते का?

कातळशिल्प

नाही साधत. 'धैवतावर थांबू नकोस' असे सांगितले तर तो तेवढी जागा टाळतो आणि दुसरीकडे तीच चूक करतो, कारण त्याने आज्ञा पाळलेली असते, फरक ऐकलेला नसतो. शिवाय भूपात धैवत वर्ज्य नाही, तो येतोच, त्यामुळे आज्ञा शब्दशः पाळली तर राग आणखीच बिघडतो.

मी काही दिवस त्याचे गाणे थांबवते. एकच लहान स्वरसंगती मी आधी भूपाच्या अंगाने म्हणते, मग देशकाराच्या अंगाने, आणि राग कोणता ते त्याने ओळखायचे. सुरुवातीला फरक ठळक ठेवते, गंधारावर भरपूर ठहराव देते, देशकारात मुद्दाम उत्तरांगातूनच सुरुवात करते. हळूहळू फरक बारीक करत नेते. त्याचे उत्तर बरोबर की चूक हे प्रत्येक वेळी लगेच सांगते, आणि सांगण्यापूर्वी त्याला किती खात्री आहे तेही विचारते. काही विद्यार्थ्यांना यात काही आठवडे लागतात. डोळे मिटून तो दहा वेळा लागोपाठ राग बिनचूक ओळखू लागला, की त्याचे जुने ध्वनिमुद्रण मी त्याला न सांगता लावते. तो स्वतःच सांगतो की कुठे कुठे देशकार झाला. बहुधा माझ्या लक्षात न आलेली एखादी जागाही तो दाखवतो. त्यानंतर आम्ही पुन्हा भूपाच्या बंदिशीकडे वळतो.